गाडीचा पिवळा दिवा आणि खिशातला स्कॅनर

मोटार हे ज्यांच्या हौसेचे साधन आहे, त्यांची गाडी बंद पडली तर सहल बुडते. मोटार हे ज्यांच्या पोटाचे साधन आहे, त्यांची गाडी बंद पडली तर त्या दिवसाची कमाई बुडते आणि बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पौड आणि आसपासच्या गावांत ही दुसऱ्या प्रकारची कुटुंबे पुष्कळ आहेत. कोणी हिंजवडीच्या कंपन्यांतील नोकरदारांची ने-आण करतो, कोणी पिरंगुटच्या कारखान्यांचा माल छोट्या टेम्पोतून पोहोचवतो, तर कोणी पावसाळ्यात ताम्हिणी घाटाची भाडी करतो. या सर्वांच्या पोटात गोळा आणणारी एक गोष्ट म्हणजे डॅशबोर्डवर पेटणारा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा.

दिवा पेटला की गॅरेज गाठावे लागते. तेथे गाडीला वायर जोडली जाते, पडद्यावर इंग्रजीत काही उमटते आणि “सेन्सर गेलाय, बदलावा लागेल” असे उत्तर मिळते. तो खरोखरच गेला आहे की नाही, हे समजण्याचा मार्ग गाडीमालकाजवळ नसतो. पैसे मोजले जातात. कधी दिवा कायमचा विझतो, तर कधी चार दिवसांनी पुन्हा पेटतो.

तोच संदेश वाचणारे लहानसे उपकरण आज काही शे रुपयांपासून मिळते आणि आपल्या मोबाईलला जोडता येते. ते घ्यावे का, कोणते घ्यावे आणि त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवावी, याची माहिती प्रत्येक वाहनधारक कुटुंबाला असणे जरुरीचे आहे.

हा दिवा आला कोठून?

पूर्वी मिस्त्री इंजिनाचा आवाज ऐकून, प्लगचा रंग पाहून आणि धुराचा वास घेऊन दुखणे ओळखत असे. २००० सालापासून आपल्या देशात धुराचे कडक निकष लागू होत गेले. कार्बोरेटर मागे पडला आणि इंधन मोजून देण्याचे काम गाडीतील छोट्या संगणकाकडे आले. हवा किती आत आली, पाणी किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, हे सेन्सर त्याला कळवत असतात. यात गडबड दिसली की संगणक दिवा पेटवतो आणि बिघाडाचा क्रमांक स्वतःजवळ नोंदवून ठेवतो. या व्यवस्थेला ओ.बी.डी. म्हणतात.

अमेरिकेत १९९६ सालापासून सर्व नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे सॉकेट आणि एकाच पद्धतीचे क्रमांक सक्तीचे झाले. आपल्याकडे बी.एस.-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून या व्यवस्थेचा पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला. बी.एस.-४ हा निकष सुरुवातीला पुणे, मुंबई, सोलापूर अशा निवडक शहरांपुरता होता. सर्व देशात तो एप्रिल २०१७ मध्ये आला आणि एप्रिल २०२० पासून त्याची जागा बी.एस.-६ ने घेतली. गाड्यांची तपासणी करून त्यांना प्रमाणपत्र देणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्या पौड रस्त्यापासून जवळच, कोथरूडच्या टेकडीवर उभी आहे.

आपली गाडी यात बसते का?

उपकरण घेण्याआधी हे पाहावे. २०१७ नंतरची मोटार किंवा छोटा टेम्पो असेल, तर उपकरण बहुधा बिनतक्रार चालेल. २०१३ ते २०१७ मधील गाडीवरही बहुतेक वेळा चालते. २०१० च्या आधीच्या गाडीत सोळा छिद्रांचे सॉकेट दिसले तरी फसू नये. त्या काळात अनेक कंपन्यांच्या गाड्या आपापल्या वेगळ्या भाषेत बोलत असत आणि साध्या उपकरणाला ती भाषा कळत नाही.

हे सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असते. दुचाकी आणि रिक्षा यांचे सॉकेट बहुधा वेगळ्या आकाराचे असते, त्यांना वेगळी वायर लागते. मोठ्या ट्रक-बसची वीज २४ व्होल्टची असते. मोटारीसाठी केलेले १२ व्होल्टचे स्वस्त उपकरण तेथे मुळीच लावू नये.

तीन प्रकार

पहिला प्रकार मोबाईलला जोडायचा. आगपेटीपेक्षा थोडा मोठा खडा सॉकेटमध्ये बसवायचा आणि ब्लूटूथने तो मोबाईलशी जोडायचा. टॉर्क, कार स्कॅनर अशी अ‍ॅप यासाठी मिळतात. आयफोन असेल तर साधे जुने ब्लूटूथ उपकरण चालत नाही. वाय-फायचे किंवा आयफोनला चालते असे स्पष्ट लिहिलेले घ्यावे.

दुसरा प्रकार वायर आणि छोटा पडदा असलेल्या हातातल्या स्कॅनरचा. त्याला मोबाईल लागत नाही, जोडणीची कटकट नसते आणि ग्रीसच्या हातानेही वापरता येतो. ज्यांच्या घरी दोन-तीन गाड्या आहेत, किंवा ज्यांचा मोबाईल जुना आहे, त्यांना हा बरा.

तिसरा प्रकार गॅरेजवाल्यांचा. एअरबॅग, ए.बी.एस., चावीची जुळवणी अशी खास कामे त्यावर होतात. त्याची किंमत दहा-वीस हजारांपासून लाखाच्या घरात जाते. एका गाडीच्या मालकाने त्याच्या मागे लागण्याचे कारण नाही.

नकलेच्या बाजारात सावध राहा

मोबाईलच्या उपकरणांवर ‘ईएलएम ३२७’ असे लिहिलेले असते. हे मूळ चिपचे नाव. ती कॅनडातील ईएलएम इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने तयार केली होती. तिच्या पहिल्या आवृत्तीला नक्कल रोखण्याचे कुलूप नव्हते, त्यामुळे जगभर नकला झाल्या. मूळ कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, नकला मात्र विकल्या जातच आहेत. गंमत अशी, की बाजारात चांगली म्हणून सांगितली जाणारी ‘१.५’ ही आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती! तेव्हा खोक्यावरील आकड्यावर विसंबू नये. सर्वच नकला टाकाऊ असतात असे नाही. परंतु काही उपकरणे अर्धेच आदेश समजतात, मध्येच तुटतात, किंवा एखाद्या गाडीशी बोलतच नाहीत.

म्हणून घेताना पुढील चार गोष्टी तपासाव्यात.

१) शक्यतो आपल्याच गाडीला लावून पाहावे. तसे जमत नसेल तर परत घेण्याची हमी आणि पावती घ्यावी.

२) जोडणी झाल्यावर इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट हे तीन आकडे दिसतात का ते पाहावे. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. इंजिन चालू केल्यावर बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.५ ते १४.५ असतो.

३) पक्के क्रमांक, कच्चे क्रमांक आणि बिघाडाच्या क्षणाची नोंद, हे तिन्ही वाचता आले पाहिजे. कच्चा क्रमांक म्हणजे संगणकाला शंका आली आहे, पण दिवा अजून पेटलेला नाही. बिघाडाच्या क्षणाची नोंद म्हणजे त्या वेळी वेग, फेरे आणि तापमान किती होते याचा पुरावा.

४) अ‍ॅप मोबाईलमधील फोन नंबरांची यादी किंवा फोटो पाहण्याची परवानगी मागत असेल तर देऊ नये. गाडीचे दुखणे वाचायला त्यांची गरज नसते.

क्रमांक हा पत्ता आहे, निकाल नव्हे

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगायची आहे. पडद्यावर इंग्रजी पी हे अक्षर आणि चार आकडे उमटतात. कोणता भाग बदलायचा हे तो क्रमांक सांगत नाही. कोठे शोधायचे एवढेच तो सांगतो. ज्याला हा फरक कळला नाही, त्याच्या हाती स्कॅनर असूनही पैसे जायचे ते जातातच.

उदाहरणार्थ, पी ०१७१ म्हणजे इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे. याला प्राणवायूचा सेन्सर कारण असेल. पण फाटलेला हवेचा पाईप, मळलेला हवेचा सेन्सर, दमलेला इंधन पंप किंवा बाहेरून बसवलेल्या सी.एन.जी. किटची बिघडलेली जुळवणी, हीही कारणे असू शकतात. पाईप काही शे रुपयांत येतो. तो आधी पाहायचा की महागडा सेन्सर आधी बदलायचा?

पी ०४२० हा क्रमांक धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरविषयी असतो. तो भाग फार महाग. परंतु सायलेन्सरच्या जोडावर गळती असली, किंवा मागचा सेन्सर थकला, तरी हाच क्रमांक येऊ शकतो.

पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर मिसिंग करतो आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉईल असलेल्या पेट्रोल गाडीत मिस्त्री एक सोपी परीक्षा करू शकतो. इंजिन बंद करून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉईल अदलाबदल करायची आणि क्रमांक पुसून गाडी चालवायची. आता पी ०३०२ आला, म्हणजे दोष कॉईलबरोबर सरकला. कॉईलच खराब! पुन्हा पी ०३०१ आला, तर प्लग किंवा इंजेक्टर पाहायचा. एक पैसा खर्च न करता निम्मा प्रश्न सुटला.

बी.एस.-६ डिझेल टेम्पोत काजळी अडवणारी जाळी असते. भूगाव-पिरंगुटच्या रहदारीत रोज मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या गाडीत ती जाळी भरत जाते. अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवली, तर काजळी जळून जाण्याचा संभव असतो. जाळीचा दिवा पेटल्यावर आठवडाभर दुर्लक्ष केले, तर मात्र खर्च टळत नाही.

पुसण्याची घाई नको

प्रत्येक स्कॅनरमध्ये क्रमांक पुसण्याचे बटण असते. ते दाबले की दिवा विझतो आणि मनाला बरे वाटते. पण रोग तसाच राहतो. शिवाय बिघाडाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते आणि गाडीचा संगणक सर्व तपासण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. जुनी गाडी विकत घेताना हे ध्यानात ठेवावे. विकणाऱ्याने सकाळीच क्रमांक पुसले असतील तर दिवा विझलेला दिसेल, पण अ‍ॅपमध्ये तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतील. तशा दिसल्या तर गाडी आणखी चालवून मगच सौदा करावा.

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही न पुसता ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवावी.

काही दिव्यांपुढे मात्र स्कॅनरची वाट पाहू नये. तेलाच्या किटलीचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा पाहून ताबडतोब इंजिन बंद करावे. पिवळा दिवा नुसता पेटलेला असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर जपून गॅरेजपर्यंत जाता येते. तो उघडझाप करत असेल, तर इंजिन जोरात मिसिंग करत आहे असे समजावे आणि गाडी ओढत नेऊ नये. अनेक छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटाच नसतो. कोकणातून ताम्हिणीचा चढ चढताना मोबाईलवर दिसणारा तापमानाचा आकडा तेथे उपयोगी पडतो. मात्र तो शेजारी बसलेल्याने वाचावा, चालकाने नव्हे.

काम झाल्यावर उपकरण सॉकेटमधून काढून ठेवावे. तेथे बॅटरीची वीज कायम चालू असते. गाडी काही दिवस उभी राहिली तर बॅटरी उतरू शकते.

घरात एक वही असावी

स्कॅनर घेतला तर त्याच्याबरोबर दहा-वीस रुपयांची एक वहीही घ्यावी. तारीख, किलोमीटर, आलेला क्रमांक, त्या वेळी गाडी चढावर होती की उभी होती, कोणता भाग बदलला आणि किती पैसे गेले, हे त्यात लिहावे. इंग्रजी वाचायला अडचण येत असेल तर घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे काम द्यावे. मुलगी असेल तर तिला आवर्जून द्यावे. बापाच्या गाडीचे क्रमांक वाचता वाचता एखादीला आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रमही खुणावेल. तेथे मुलींना मनाई नाही.

ही वही घेऊन गॅरेजमध्ये गेले की बोलणे बदलते. “दिवा लागलाय, बघा” असे म्हणण्याऐवजी “पी ०१७१ आलाय, चढावर येतो. आधी पाईप आणि फिल्टर बघू या का?” असे विचारता येते. बदललेला जुना भाग परत मागता येतो. काम झाल्यावर क्रमांक पुन्हा आला की नाही, हे दोघांनाही दिसते.

अर्थात हे सारे मिस्त्रीशी भांडण्यासाठी नाही. रस्त्याकडेचा मिस्त्रीही आपल्यासारखाच हातावर पोट असलेला माणूस आहे. त्याच्या हाताला आणि कानाला जे कळते, ते या काडेपेटीएवढ्या उपकरणाला कळत नाही. प्रामाणिक मिस्त्रीला माहिती असलेले गिऱ्हाईक आवडते, कारण त्याचाही वेळ वाचतो.

तेव्हा बंधू-भगिनींनो, महाग स्कॅनरच्या मागे लागू नका आणि अगदी रद्दी नक्कलही घेऊ नका. आपल्या गाडीशी बोलणारे, तीनही नोंदी वाचणारे साधे उपकरण पुरेसे आहे. एकट्याला परवडत नसेल तर एकाच थांब्यावरील चार-पाच चालकांनी वर्गणी काढून एक घ्यावे आणि ज्याला त्यातले कळते त्याने इतरांना शिकवावे. गाडी आपली, कर्ज आपले, घाम आपला. मग तिच्या दुखण्याचा कागदही आपल्याला वाचता आलाच पाहिजे.