आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचं गाठोडं पाठवताय? आधी हे वाचा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं आणि घाट चढून पुणे जिल्ह्यात शिरलं. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या डोंगराळ भागात घरांचे पत्रे उडाले. पावसाळा तोंडावर होता. डोक्यावरचं छप्पर गेलेल्या घराला अशा वेळी आधी काय लागतं? पत्रे, ताडपत्री, कोरडं धान्य आणि अंधारात दिवा.

शहरातून मात्र अनेकदा निघतात ते कपाटातले जुने कपडे.

यात अडचण काय?

कपडे निवडायला माणसं लागतात आणि ठेवायला कोरडी जागा. छप्पर उडालेल्या गावात नेमकं हेच नसतं. लुगडं नेसणाऱ्या आजीला जीन्सचा काय उपयोग? २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत दान आलेल्या कपड्यांचे ढीग पडून राहिले होते. 'गूंज' संस्थेने ते गोळा केले, निवडले आणि पुन्हा वापरात आणले. म्हणजे मदत निस्तरायलाही मदत लागली.

मदत सगळ्यांपर्यंत का पोहोचत नाही?

गाड्या डांबरी रस्त्यालगतच्या गावात थांबतात. तिथे तीच वस्तू दोनदा मिळते. आतल्या वाड्या-वस्त्यांवर रस्ता बंद असेल, तर काहीच पोहोचत नाही.

मग करायचं काय?

१. आधी विचारा. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी किंवा तहसील कार्यालयाकडून गरजेची यादी घ्या. ती रोज बदलते, म्हणून निघण्याआधी पुन्हा फोन करा.

२. कपडे मागितले असतील तरच द्या. धुतलेले, न फाटलेले, बटणं-चेन शाबूत असलेले. स्त्री, पुरुष, मुलं असे वेगळे गठ्ठे बांधून वर चिठ्ठी लावा.

३. वापरलेली अंतर्वस्त्रं आणि मुदत संपलेली औषधं कधीच देऊ नका.

४. शक्य असेल तर पैसे द्या. पत्रे, खिळे, वह्या जवळच्या बाजारात मिळतात आणि तिथल्या दुकानदाराचाही धंदा सुरू होतो. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा पर्यायही आहे.

घर आवरायचंच असेल, तर दिवाळीआधी निवांत आवरा. ते सामान वर्षभर जुने कपडे घेणाऱ्या संस्थांना द्या. आपत्तीत पाठवायची वस्तू निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: उद्या माझं छप्पर उडालं, तर ही वस्तू मला हवी असेल का?