एकच ट्रॅक्टर, तीन मापं

परवा भाचा माझ्या खेळण्यातल्या ट्रॅक्टरांच्या कपाटापुढे उभा राहून म्हणाला, "मामा, ट्रॅक्टर तोच, मग हा एवढुसा कसा?"

उत्तर बहुतेक वेळा तळाशी किंवा खोक्यावर असतं: स्केल.

खरा ट्रॅक्टर ३.२ मीटर लांब असेल, तर १:१६ मध्ये तो २० सेंटिमीटरचा होतो, १:३२ मध्ये १० आणि १:६४ मध्ये जेमतेम ५. अमेरिकेत १:१६ची चलती, युरोपात १:३२ची.

अशी मॉडेलं जमवण्याच्या छंदाची पंढरी म्हणजे अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं डायर्सव्हिल. फ्रेड अर्टल यांनी १९४५ मध्ये जवळच्याच डब्यूक शहरात, राहत्या घराच्या तळघरात, ॲल्युमिनियम वितळवून वाळूच्या साच्यात ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. पुढे कारखाना डायर्सव्हिलला गेला. आज तिथे खेळण्यातल्या शेती-यंत्रांचं संग्रहालयच आहे.

नवख्यांना एकच सांगणं: जुन्या मॉडेलला नवा रंग देऊ नका. मी हौसेने एकाला चकाचक लाल केलं. मूळ स्टिकर गेले, किंमतही गेली. मऊ ब्रशने धूळ झटका, उन्हापासून लांब ठेवा, खोकं जपा.

तुमच्या माळ्यावर एखादा पडलाय? तळाचा फोटो टाका, मिळून ओळखू या!