हात लहान की मूठ मोठी?

तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकानं पिस्तुलावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटत असेल. संयोजकांनाही वाटलं. विषय कळवल्यावर त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली की ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना. चूक झालेली नाही. आज आम्ही बोलणार आहोत ते नेमबाजी शिकणाऱ्या, लहान हाताच्या मुलामुलींसाठी सरावाचं पिस्तूल कसं निवडावं, याबद्दल.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरला एअर पिस्तुलात आणि कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेला रायफलमध्ये पदक मिळालं. तेव्हापासून लोणावळ्यात, कामशेतला, तळेगावला पालकांची चौकशी वाढली आहे. द्रुतगती मार्ग संपला की थोडं पुढं बालेवाडी. तिथं शिवछत्रपती क्रीडानगरीत रेंज आहे, म्हणजे अंतराची फार अडचण नाही. आमची तेरा वर्षांची नात अशीच या खेळात आली.

ती एका प्रशिक्षण केंद्रात जाऊ लागली. केंद्राचं नाव सांगत नाही, सांगण्याचं कारणही नाही. तिथलं सामायिक पिस्तूल तिच्या हाती आलं. तीन महिने झाले तरी तिच्या गोळ्या कागदावर डावीकडंच जायच्या. शिकवणाऱ्यांनी सांगितलं, ‘मनगट कच्चं आहे, मन एकाग्र नाही, आणि हात फार लहान आहेत.’ आम्हीही घरी तिला एकाग्रतेवर प्रवचन दिलं. कैवल्यधाम आमच्या गावात १९२४ पासून आहे, तेव्हा श्वासावर बोलायला लोणावळेकराला निमित्त लागत नाही. पोरगी ऐकून घ्यायची. मग एका रविवारी म्हणाली, ‘आजोबा, मला नाही जायचं. माझे हातच त्यासाठी नाहीत.’

हे वाक्य आम्हाला झोंबलं, कारण त्यात एक जुनी तार्किक चूक आहे आणि ती आम्ही पस्तीस वर्षं वर्गात शिकवत होतो. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात तीन बोटांचं उदाहरण येतं. करंगळी, अनामिका आणि मधलं बोट शेजारी धरा. अनामिका करंगळीपुढं मोठी, मधल्या बोटापुढं लहान. मग ती मुळात कशी आहे? मुळात ती कशीच नाही. ‘लहान’ हा वस्तूचा गुण नव्हे, तो दोन वस्तूंमधला संबंध आहे. हात लहान आहे, असं म्हटलं की लगेच विचारायला हवं, कशाच्या मानानं?

आपल्याकडच्या जुन्या तलवारी पाहा. पुण्यात केळकर संग्रहालयात गेलात तर मुठींकडं जरा लक्ष द्या. एकोणिसाव्या शतकात इथं आलेल्या युरोपीय लोकांना त्या मुठी फार आखूड वाटायच्या, त्यांचा पंजा आतच मावायचा नाही. तेव्हा ‘साहेबाचा हात चुकीचा आहे’ असं कुणी म्हटलं नाही. मूठ लहान आहे, असंच म्हटलं. आज उलट झालंय. पिस्तूल युरोपातल्या प्रौढ पुरुषाच्या पंजावर बेतलेलं असतं आणि ते मावळातल्या मुलीच्या हातात बसलं नाही की दोष मुलीच्या हाताचा.

आता प्रत्यक्ष पिस्तुलाकडं येऊ. दहा मीटर एअर पिस्तुलात एकाच हातानं, हात लांब करून नेम धरायचा असतो. साठ गोळ्या, पंच्याहत्तर मिनिटं. मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास साडेअकरा मिलिमीटर. एवढ्या बारीक कामात मूठ पंजात कशी बसते यावर निम्मं अवलंबून असतं.

अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला, वर, घट्ट बसली पाहिजे. तशी बसल्यावर नळीची रेघ आणि कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताची रेघ जवळपास एका ओळीत येते. मग तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर, म्हणजे मुलं ज्याला ट्रिगर म्हणतात त्यावर, सरळ पडला पाहिजे आणि बाकीचं बोट लाकडाला न टेकता मोकळं राहिलं पाहिजे. मूठ जाड असेल तर बोट पोचत नाही. मग मूल दोनातलं एक करतं. एक तर पंजा मुठीभोवती फिरवून बोट पुढं नेतं; त्यानं नळीची रेघ बिघडते आणि ती सरळ करायला मनगट वाकवावं लागतं. नाहीतर नुसत्या बोटाच्या टोकानं चाप दाबतं. उजव्या हाताच्या मुलाचा दाब मग सरळ मागं न येता डावीकडं ढकलतो. आमच्या नातीच्या गोळ्या डावीकडं का जात होत्या, त्याचं हे उत्तर. मनाच्या एकाग्रतेचा त्यात काही संबंध नव्हता.

म्हणून निवडताना बनावटीचं नाव शेवटी बघा. आधी मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या लाकडी मुठी वेगवेगळ्या मापांत मिळतात आणि बदलता येतात. तळहाताखालचा टेकू वरखाली सरकतो. मापासाठी पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीनं बाह्यरेषा काढायची, तळव्याची रुंदी आणि मधल्या बोटापर्यंतची लांबी लिहायची. डावखुऱ्या मुलाला डाव्या हाताचीच मूठ हवी. उजवीवर ‘चालवून घे’ म्हणू नये. मग चाप. चांगल्या पिस्तुलात तो मागंपुढं सरकवता येतो. लहान बोटांसाठी तो मागं घ्यायचा. पण ही सोय मूठ बरोबर असेल तरच उपयोगी. मूठ मोठी ठेवून नुसता चाप मागं ओढला तर पंजा तसाच सैल राहतो.

वजनाचं थोडं निराळं आहे. नियमानं एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत चालतं, आणि ही फक्त वरची मर्यादा आहे. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हात लांब करून धरून बघा. आत्ता नको, शेजाऱ्याच्या अंगावर पडेल. घरी गेल्यावर बघा. मिनिटभरात कळतं की जे वजन जाणवतं ते किती ग्रॅम आहे यापेक्षा हातापासून किती पुढं आहे यावर ठरतं. त्यामुळे आखूड नळीचं, हलकं पिस्तूल मुलांना बरं. स्टेयर, वॉल्थर, मोरिनी यांच्याकडं अशी आखूड रूपं आहेत. चापाला किमान पाचशे ग्रॅमचा दाब असावा, असा नियम आहे. तो मात्र सर्वांना सारखाच.

एक गोष्ट पालकांच्या ध्यानातच येत नाही. काही जुन्या, स्वस्त पिस्तुलांत प्रत्येक गोळीआधी दांडा ओढून हवा दाबावी लागते. त्याला चांगली ताकद लागते. लहान मूल ते पोटाशी धरतं, गुडघ्यांत दाबतं, आणि त्या झटापटीत नळीचं तोंड भलतीकडं फिरतं. इथं प्रश्न गुणांचा उरत नाही. शेजारच्या मुलाच्या डोळ्याचा होतो. अगोदरच हवा भरलेल्या नळकांड्याचं पिस्तूल असेल तर एवढा जोर लावावा लागत नाही. महाग आहे, लाखाच्या पुढं जातं. पण केंद्रानं दहा मुलांत असं एक घेतलं आणि त्याला लहान, मध्यम, डावी अशा तीन मुठी घेतल्या, तर परवडतं. घरच्यांनी पहिल्याच वर्षी विकत घ्यायची घाई करू नये. मुलांचे पंजे वाढतात.

पुढं पंचवीस मीटरच्या पिस्तुलाकडं जायचं झालं तर तिथं पॉइंट टू टूची काडतुसं येतात, शस्त्रपरवान्याचा कायदा येतो. साडेचार मिलिमीटरच्या, वीस ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या नियमांनुसार परवाना लागत नाही. याच पंचवीस मीटरमध्ये खडकीत वाढलेल्या अनिसा सय्यद यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवलं, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ ला जकार्ता-पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत. खडकी म्हणजे आपल्या लोणावळा लोकलवरचंच स्टेशन. लहान हातासाठी इथं एक बारकावा बघावा, मॅगझिन कुठं आहे? ते मुठीच्या आत असेल तर मूठ एका मर्यादेपलीकडं बारीक करताच येत नाही. पार्दिनीसारख्या पिस्तुलांत ते चापाच्या पुढं असतं, म्हणून मूठ हवी तशी कोरता येते. पोलिसांकडच्या नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलांत काडतुसांच्या दोन रांगा मुठीतच असतात. महिला शिपायांची अडचण तिथूनच सुरू होते. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

अ‍ॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात लेस्बॉसच्या गवंड्यांची शिशाची मोजपट्टी सांगितली आहे. दगड वेडावाकडा असला तर ती पट्टी दगडाप्रमाणं वाकायची. तो न्यायाबद्दल बोलत होता. लाकडी मूठ कानशीनं घासणारा आणि जिथं पोकळी राहते तिथं लाकडाची पुट्टी भरणारा माणूस पाहिला तेव्हा आम्हाला ती पट्टी पहिल्यांदा नीट समजली. इतकी वर्षं नुसती शिकवली होती.

नातीचं काय झालं ते विचाराल. दुसऱ्या एका रेंजवर एका जुन्या नेमबाज बाईंनी तिला पिस्तूल न देता आधी तिचा पंजा हातात घेऊन पाहिला. लहान मूठ लावली. मग म्हणाल्या, ‘डोळे मीट, हात वर कर, स्थिर झाला की डोळे उघड.’ उघडले तेव्हा पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप आली होती. ही परीक्षा कुठलंही पिस्तूल घेण्याआधी करावी. माशी एका बाजूला दिसली तर मूठ बसलेली नाही. लगेच सगळ्या गोळ्या दहात गेल्या असं काही नाही. पण त्या डावीकडून मधे आल्या, आणि चुकल्या तर चहूबाजूंनी चुकू लागल्या. त्या चुका तिच्या स्वतःच्या होत्या, त्या सुधारता येतात.

कालनिर्णयच्या मागच्या बाजूवर आम्ही दर सहा महिन्यांनी तिच्या पंजाची रेघ काढतो. मागच्या दिवाळीपासून मधलं बोट चार मिलिमीटर वाढलंय. ती म्हणते, पुट्टी काढायला झाली.