पुंडलिकाच्या पाठीशी कोण?

आईबापांच्या सेवेत गढलेल्या पुंडलिकासाठी प्रत्यक्ष परब्रह्म भीमेच्या तीरी विटेवर तिष्ठत राहिले, ही कथा ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. पंढरीची तीच भीमा पुढे कलबुर्गी जिल्ह्यातील अफझलपूर तालुक्यातून वाहते. श्रीक्षेत्र गाणगापूर ह्याच तालुक्यातले, आणि सीमेवरचे करजगीही ह्याच मुलखातले. गोव्याहून व कोकणातून दत्तदर्शनास जाणाऱ्या आमच्या वाचकांनी गाणगापुरी एक दृश्य हमखास पाहिले असेल. मन हरपलेल्या मुलाला, सुनेला अथवा भावाला घेऊन आलेली घरची माणसे तेथे दिवसचे दिवस मुक्काम ठोकून असतात. येणाऱ्याजाणाऱ्यांची दृष्टी रुग्णावर खिळते. त्याचा हात धरून बसलेल्या माणसाला मात्र, ‘तुम्ही जेवलात का, रात्री झोप लागते का,’ असे सहसा कोणी विचारीत नाही.

ह्या न विचारल्या गेलेल्या माणसांविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याची कूस बदलणारी सून, पक्षाघाताने लुळ्या पडलेल्या नवऱ्याला भरविणारी पत्नी, मतिमंद मुलासाठी नोकरी सोडलेली आई आणि आजीच्या उशाशी बसण्यासाठी शाळा बुडविणारी नात, ही सारी एकाच वर्गात मोडतात. त्यांच्या कामाला वेळ नाही, सुटी नाही आणि वेतन तर नाहीच. शहरात हेच काम करावयास बाई ठेवली तर महिन्याकाठी किती मोजावे लागतात, हे ज्याने मोजले आहे त्याला ठाऊक आहे. घरच्या माणसाने केले की त्याचे मोल शून्य ठरते आणि त्याला ‘कर्तव्य’ हे भारदस्त नाव मिळते.

हा भार कोणाच्या शिरावर पडतो, हेही आता अंदाजावर सोडण्याचे कारण नाही. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळ-वापर पाहणीनुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची काळजी घेण्याचे काम करतात, तर पुरुषांत हेच प्रमाण २१.४ टक्के आहे. अशा स्त्रीचे त्यात दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे जातात, पुरुषाची ७४. मुलांचे संगोपन त्यात आलेच. परंतु ही सरासरी झाली. अंथरुणावरच्या रुग्णाच्या घरी मिनिटांचा हिशेब राहत नाही. तेथे दिवसरात्र एक होते. कथेत सेवेचे पुण्य पुंडलिकाला मिळाले असेल, व्यवहारात मात्र सेवा बहुधा सुनेच्या आणि लेकीच्या वाट्याला येते.

हा प्रश्न दूरच्या सीमाभागाचा, आमचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध आहे आणि तो अगदी निकटचा आहे. उत्तर कर्नाटकातून हजारो स्त्रीपुरुष मजुरीसाठी गोव्यात येतात. आमच्या इमारती ते बांधतात, आमच्या घरची धुणीभांडी त्या बायका करतात, क्वचित आमच्या वृद्धांची सेवाशुश्रूषाही त्याच करतात. मग त्यांच्या स्वतःच्या म्हाताऱ्यांकडे गावी कोण पाहते? पुष्कळ घरी त्याचे उत्तर बारा-तेरा वर्षांची मुलगी हेच असते. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला. २०१६ साली सुधारलेल्या बालकामगार कायद्याने शाळेची वेळ सोडून कुटुंबाला मदत करण्याची मुभा मुलांना ठेवली. पण आजाऱ्याची तहान शाळा सुटेपर्यंत थांबत नाही. हजेरीपटावर ह्या मुलीच्या नावापुढे ‘गैरहजर’ एवढेच लागते. ती कोठे होती आणि काय करीत होती, हे लिहावयास त्या पटावर रकानाच नाही.

कायद्यांची उणीव आहे असेही नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने वेतन घेऊन वा न घेता सांभाळ करणाऱ्याची, त्यात आईवडील व कुटुंबीयही आले, स्पष्ट व्याख्या केली आणि अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहू भत्त्याची तरतूद ठेवली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशा व्यक्तीला ओळख दिली. २००७ च्या कायद्याने आईबापांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंतचा कारावास ठेवला. टाकणाऱ्यास शिक्षा आहे हे ठीकच झाले, परंतु न टाकणाऱ्यास आधार कोणता? महाराष्ट्रातील एका निवृत्तिवेतन योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले आहे. पैसे मात्र वृद्धांना मिळतात, श्रावणबाळ रिकाम्या हातांनीच राहतो. आमच्या गोव्यातील दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचाही रोख वृद्ध, निराधार आणि अपंग ह्यांच्याकडे आहे, त्यांना सांभाळणाऱ्याकडे नाही. कर्नाटक सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी दरमहा १,००० रुपयांची घोषणा केली. रक्कम तुटपुंजी आहे, तथापि पाऊल योग्य दिशेचे आहे, हे मान्य केले पाहिजे.

सेवेला पैसा लावला की मायेचा बाजार होतो, असा आक्षेप येथे घेतला जातो. आम्हांस तो पटत नाही. वेतन घेतल्याने सैनिकाचे देशप्रेम उणे होत नाही. ब्रिटनमध्ये १९७६ साली सांभाळ करणाऱ्यांना भत्ता सुरू झाला तेव्हा विवाहित स्त्रियांना त्यातून वगळले होते, कारण त्या नाही तरी घरीच असतात! आईला सांभाळणाऱ्या जॅकी ड्रेक ह्या बाईंनी युरोपीय न्यायालयापर्यंत झगडून १९८६ साली तो अन्याय दूर करविला. आपल्याकडील मनोवृत्ती आजही बरीचशी १९८६ पूर्वीची आहे.

पैशाइतकीच गरज विसाव्याची आणि सोबतीची आहे. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांनी पत्नीच्या स्किझोफ्रेनियाचा भोगवटा स्वतः पाहिला आणि त्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तेथे रुग्णांइतकेच त्यांचे आप्तही आपले मन मोकळे करतात. केरळात १९९३ साली कोझिकोडे येथे सुरू झालेल्या वेदनाशामक उपचारांच्या चळवळीतून गावोगावचे स्वयंसेवक रुग्णाच्या दारी जाऊ लागले.

तेव्हा सरकारांकडे आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. काळजीवाहू भत्ता मोजक्या आजारांपुरता न ठेवता गरजेनुसार द्यावा. तालुक्याच्या रुग्णालयात काही खाटा अशा राखाव्यात की रुग्णाला आठवडाभर तेथे ठेवून घरच्यांना श्वास घेता येईल. आशा सेविकेने रुग्णाबरोबर त्याला सांभाळणाऱ्याचीही विचारपूस करावी. आणि सतत गैरहजर राहणाऱ्या मुलाच्या घरी शिक्षकाने दंडासाठी नव्हे, तर मदतीसाठी जावे. सीमाभागात हे अर्ज मराठीतूनही स्वीकारले जावेत, हे वेगळे सांगावयास नको.

उरलेली मागणी आमच्या वाचकांकडेच आहे. मुंबईहून वा आखातातून पैसे पाठविणाऱ्या भावाने वर्षातून पंधरा दिवस येऊन वडिलांच्या उशाशी रात्र जागवावी, म्हणजे वहिनीला एक रात्र झोप मिळेल. शेजाऱ्याने एखाद्या दुपारी आजीजवळ बसावे, म्हणजे नातीला परीक्षेला जाता येईल. ह्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.