पीठ आपलं, भट्टी बेकरीची

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वणी, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या बेकरीच्या मागच्या दारी जाऊन उभं राहावं. पुढच्या दारी पाव, खारी, टोस्टचं रोजचं गिऱ्हाईक असतं. मागे मात्र बायका बसलेल्या असतात, कुणापुढे पीठ भरलेली परात, कुणाच्या मांडीवर तुपाचा डबा, कुणाच्या पिशवीत पिठीसाखर आणि कागदाच्या पुडीत वेलदोड्याची पूड. तूप, साखर, पीठ ज्याचं त्यानं आणायचं, बेकरीवाल्यानं मळून, कापून, भाजून द्यायचं आणि किलोमागे मजुरी घ्यायची, असा हा व्यवहार. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याला पुन्हा जोर येतो. नाशिक जिल्ह्यात, खानदेशात, मराठवाड्यात ही रीत कुणाला समजावून सांगावी लागत नाही. बिस्किटं भाजून आणायची म्हटलं की घरातलं पोरगं रिकामा पत्र्याचा डबा पुसायला घेतं.

आपल्याकडचं घरगुती बेकिंग म्हणजे मुख्यतः हे. ते एकट्यानं आपल्या ओट्यापाशी होत नाही. पीठ आपलं असतं, भट्टी दुसऱ्याची आणि बहुतेक वेळा खाणारी मुलं तिसऱ्याच घरची, लेकीची, भाच्याची, धाकट्या दिराची. साध्या आनंदांविषयी लिहायचं तर मला ही तीन घरांची साखळी फार मोलाची वाटते. भाजणं आणि भेटीला जाणं हे आमच्या भागात दोन वेगळे छंद नाहीतच. मुलांना बघायला जायचं म्हणून भाजायचं, आणि डबा भरला आहे म्हणून जायचं.

मराठी स्वयंपाकघरात भट्टी नव्हती, पण भाजण्याची अक्कल होती. कोकणात काकडीची तवसाळी भांड्याच्या खाली विस्तव आणि झाकणावर निखारे ठेवून करत. पाठारे प्रभूंच्या आणि सीकेपींच्या घरांतलं भानोलंही असंच वर-खाली धग देऊन व्हायचं. वणीपासून उत्तरेला कळवण, बागलाण आणि पुढे खानदेशात गेलं की उपड्या खापरावर पसरलेले पुरणाचे मांडे आणि गोवऱ्यांच्या आरात भाजलेली बट्टी भेटते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या मुली लेकराबाळांसह माहेरी येतात आणि त्यांच्यासाठी खापर चुलीवर चढतं. म्हणजे इथेही भाजणं आणि भेट एकत्रच.

पाश्चात्त्य धर्तीचं भाजणं मराठी पुस्तकात बरंच लवकर आलं. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ 1910 सालचं. पण मुंबईच्या सुशिक्षित घरातून वणीसारख्या बाजाराच्या गावापर्यंत नानकटाई पोचायला स्वस्त मैदा, गिरणीची साखर आणि वनस्पती तूप लागलं. ‘डालडा’ बाजारात आला तो 1937 मध्ये. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 मध्ये आली, आणि त्यानंतरच्या काळात ॲल्युमिनियमचा गोल विजेचा ओव्हन मध्यमवर्गीय माळ्यावर दिसू लागला. खेड्यात मात्र वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यानं भट्टीच भरवशाची राहिली.

त्या भट्टीचं काम समजून घेण्यासारखं आहे. विटांची घुमटासारखी खोली, पुढे लोखंडी झाकण. आत लाकूड जाळायचं, विटा तापल्या की निखारे बाजूला सारायचे किंवा ओढून काढायचे आणि तळ ओल्या पोत्यानं पुसून घ्यायचा. यानंतर भाजणारी असते ती विटांनी साठवलेली उष्णता, आणि ती हळूहळू उतरत जाते. म्हणून माल घालायचा क्रमही ठरलेला. पहिल्या कडक तावात पाव, ताव उतरला की बिस्किटं आणि नानकटाई, आणि शेवटी उरलेल्या उबेवर टोस्ट वाळवायचे. गिऱ्हाइकाचं पीठ मधल्या टप्प्यात जातं. घाई करून आधी घालायला लावलं तर बिस्किटांच्या कडा करपतात आणि पोट कच्चं राहतं. अनुभवी कारागीर उघड्या तोंडाशी क्षणभर हात धरतो आणि सांगतो, “मावशी, अजून अर्धा तास बसा.” त्याच्याकडे थर्मामीटर नसतो आणि त्याला तो लागतही नाही.

बिस्किटांचं पीठ बेकरीवाला मळतो, पण नानकटाईची खरी मेहनत घरीच, परातीत होते. थिजलेलं रवाळ तूप घ्यायचं, पातळ नाही. त्यात पिठीसाखर घालून तळहाताच्या टाचेनं एकाच दिशेनं फेसत राहायचं. आधी तूप पिवळट आणि जड असतं. हळूहळू ते पांढरं होतं, फुगतं, हाताला हलकं लागतं. जुन्या बायकांची परीक्षा सोपी आहे. वाटीभर पाण्यात त्याचा थेंबभर गोळा टाकायचा. बुडाला तर अजून फेसा, तरंगला तर थांबा. तरंगतो याचा अर्थ तुपात पुरेशी हवा कोंडली गेली. भट्टीत हीच हवा प्रसरण पावते, सोड्याचा वायू तिला जोड देतो आणि नानकटाई फुलते. वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि आतलं पीठ फुलतच असतं, त्यामुळे माथ्यावर भेगा पडतात. त्या भेगा दिसल्या की बाई समाधानानं मान हलवते.

मैदा घातल्यावर मात्र मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की मैद्यातल्या चिवट प्रथिनांची जाळी बनते. पोळीला ती हवीच असते, नानकटाईला ती मारक. तूप पिठाच्या कणांभोवती बसून ती जाळी होऊ देत नाही, म्हणून नानकटाई तोंडात विरघळते. साधारण दोन वाट्या मैद्याला एक वाटी तूप आणि एक वाटी पिठीसाखर हे प्रमाण बहुतेक घरांत चालतं. मे महिन्यात तूप पातळ होतं आणि गोळे पत्र्यावर पसरतात, तेव्हा परात थंड पाण्याच्या घमेल्यात ठेवून फेसायची. दिवाळीत आमच्याकडे रात्री गारवा उतरलेला असतो, तूप आपोआप थिजतं. दिवाळीची नानकटाई सरस होते, त्यात हवामानाचाही वाटा असतो.

गेल्या काही वर्षांत मैद्याच्या शेजारी नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ येऊन बसलं आहे, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. वणीच्या पश्चिमेला सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांत नागली हे मूळचं पीक. तिची भाकरी आणि पापड या भागाला नवे नाहीत. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष झालं आणि शहरातल्या लोकांचंही तिच्याकडे लक्ष गेलं. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. तिच्यात गव्हासारखी चिवट प्रथिनं नाहीत, म्हणून नुसत्या नागलीचं बिस्कीट हातातच भुगा होतं. निम्मं गव्हाचं पीठ मिसळलं, थोडं दूध शिंपडलं आणि साखरेऐवजी गूळ घातला की बिस्कीट जमून येतं. गुळामुळे ते लवकर तांबूस दिसतं, तेव्हा रंगावर न जाता मधोमध बोटानं दाबून बघावं.

कुकरमध्ये मीठ किंवा वाळू घालून केक करणारी घरंही खूप आहेत. 2020 च्या टाळेबंदीत तर त्याला उधाण आलं होतं. त्यातलं एक सांगायला हवं. कोरडा कुकर तासभर तापवणं त्या भांड्यासाठी बरं नाही. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू घालून, वर घट्ट झाकण ठेवून तोच केक तितकाच चांगला होतो.

डबा भरला. आता निघायचं कुणी?

दिंडोरी तालुक्यात दिवाळी ही द्राक्षबागेच्या ऐन धांदलीची वेळ. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि तिथून माल काढणीला यायला साधारण चार महिने लागतात. दिवाळीच्या सुमारास कोवळे फुटवे, घड बाहेर पडणं, डावणी रोगाची भीती आणि फवारण्यांचं वेळापत्रक हे सगळं एकदम येतं. अवकाळी ढग आले तर भाऊबीजेच्या दिवशीही ट्रॅक्टर बागेत असतो. अशा घरात कर्ता माणूस आणि त्याची बायको दोघंही अडकलेली. नाशिकला सातपूर-अंबडला नोकरी करणाऱ्या धाकट्याच्या घरी जायला मोकळी असते ती आजी.

तिच्यासाठी मागच्या काही वर्षांत एक मोठी गोष्ट घडली आहे. ऑगस्ट 2022 पासून राज्यात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला निम्मं तिकीट आहेच. मार्च 2023 पासून सगळ्याच महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो. शहरात याची चर्चा सरकारी तिजोरीवरच्या बोज्याच्या अंगानं झाली. वणीच्या स्टँडवर उभं राहिलं की दुसरी बाजू दिसते. आधार कार्ड पदराच्या गाठीत किंवा कमरेच्या पिशवीत, मांडीवर फडक्यात बांधलेला डबा, आणि कळवणहून येणाऱ्या गाडीकडे लागलेले डोळे. पूर्वी लेकाला सांगून, पैसे मागून, कुणाची सोबत बघून वर्षातून दोनदा होणारी भेट आता मनात आलं की होते. मुलगा विचारतो, “आई, आज अचानक?” ती म्हणते, “बिस्किटं भाजली होती, नरम पडली असती.” पंचाहत्तर वर्षांच्या बाईला स्वतःच्या मर्जीनं नातवाला भेटता येणं याचं मोल मी फार मोठं मानतो.

नेलेला खाऊ कोणत्या वयाच्या मुलापुढे ठेवायचा याचा थोडा विचार हवा. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईचं दूध आणि दुसरं काही नाही. वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातले काही जिवाणूंचे बीजाणू एवढ्या लहान आतड्याला झेपत नाहीत. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घातलेलं टाळावं, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्यामुळे नानकटाई ही थोरल्या भावंडांची. तान्ह्याला बघायला जाताना नागलीचं सत्त्व न्यावं. नागली रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवायची, दळून वस्त्रगाळ करायची. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला त्याची पातळ खीर चालते.

द्राक्षांविषयी तर आमच्या भागातल्या प्रत्येक आजी-आजोबांनी लक्षात ठेवावं. जानेवारीपासून माल सुरू होतो आणि बागेतून आलेला पाहुणा क्रेट घेऊनच येतो. अख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत, आणि लहान मुलाच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी नेमकं बसेल अशा मापाचं असतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला ते कधीही अख्खं देऊ नये. आडवं कापूनही उपयोग नाही, कारण गोल चकती तशीच अडकू शकते. देठापासून खालपर्यंत उभं चिरून चार फाका कराव्यात आणि मूल बसून खात असताना द्याव्यात, पळताना नाही. फुटाणे आणि अख्खे शेंगदाणेही या वयाच्या मुलांना देऊ नयेत.

हे बोरन्हाणाच्या वेळीही आठवावं. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत लहानग्याला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. आता त्यात गोळ्या-बिस्किटंही असतात. खाली पडलेलं वेचायला शेजारची मुलं झेपावतात. हा सोहळा मुलांनी मुलांसाठी लुटायचा आहे, म्हणून मला तो साऱ्या संस्कारांत जवळचा वाटतो. फक्त सगळ्यांत धाकट्याच्या मुठीत काय गेलं हे एका मोठ्या माणसानं बघत राहावं.

भेटीची उलटी वाटही आहे. शहरातली घरं तान्ह्याला घेऊन वणीजवळच्या गडावर सप्तशृंगीच्या दर्शनाला येतात. अनेक कुळांत पहिलं जावळही गडावरच काढतात. पूर्वी पाचशेच्या आसपास पायऱ्या मूल कडेवर घेऊन चढाव्या लागत, आणि आजी खालीच थांबे. 2018 मध्ये गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि पणजी, आजी, आई, बाळ अशा चार पिढ्या एकत्र वर जाऊ लागल्या. येता-जाता वणीच्या घरी मुक्काम ठरलेला. म्हणून चैत्रातल्या यात्रेच्या आधीही बेकरीच्या मागच्या दारी पराती दिसतात.

डबा भरण्याची एक रीत सांगतो. बिस्किटं पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नये, आतली वाफ त्यांना मऊ करते. तळाशी कागद, मग बिस्किटं उभी, सपाट रचू नयेत. वर फट राहिली तर तिथे चुरमुरे भरावेत. एसटीच्या धक्क्यांत माल हलत नाही आणि पोचल्यावर चुरमुऱ्यांचा चिवडा होतो.

तो डबा रिकामा परत येत नाही, ही आमच्याकडची रीत. सुनेनं त्यात कधी साखर घातलेली असते, कधी शहरातून आणलेली खारीक. तान्हं जिथे वाढतं आहे त्या घरातून पुष्कळदा आखूड झालेली झबली येतात, धुऊन धुऊन मऊ झालेली. पुढच्या बाळंतपणात बाळाच्या अंगावर पहिलं कापड असं वापरलेलंच घालतात, नवं टोचतं म्हणून. आणि झबल्यांच्या घडीवर थोरल्या नातीनं पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी असते: आजी, या वेळी नागलीची जास्त आण, भेगा पडलेली पण आण.