उघडें दार आणि जागृत विवेक

‘प्रेषितांचीं कृत्यें’ हें पुस्तक वाचतांना आपलें लक्ष पौलाच्या भाषणांकडे व संकटांकडे सहज वेधलें जातें. परंतु रात्रीं तो कोठें उतरत असे, हा साधा प्रश्न क्वचितच कोणास सुचतो. दूरदूरच्या ख्रिस्ती मंडळ्या एका कुटुंबाप्रमाणें कशा जोडल्या गेल्या, याचें बरेंचसें उत्तर मात्र या प्रश्नांतच आहे.

रोमी साम्राज्यानें सडका बांधल्या त्या मुख्यतः आपल्या सैन्यासाठीं; तथापि व्यापारी, कारागीर व उपदेशक यांनाही त्या मोकळ्या होत्या. पायीं जाणारा दिवसास सुमारें २० मैल चाले. नोव्हेंबरापासून मार्चपर्यंत समुद्रप्रवास बहुधा बंद असे, आणि एरवींही तो निर्धोक नव्हता. आपलें तारूं तीन वेळां फुटलें, असें पौलानें करिंथकरांस लिहिलें आहे. वाटेवरील सराया अस्वच्छता, चोरी व अनीति यांसाठीं कुप्रसिद्ध होत्या. सरकारी टपाल केवळ राजकारभारापुरतें असल्यामुळें खाजगी पत्रही कोणा प्रवाशाच्या हातींच द्यावें लागे. अशा स्थितींत बंधुजनांचें घर हाच प्रवाशाचा खरा आसरा होता.

फिलिप्पै येथें जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेनें पौलास व त्याच्या सोबत्यांस आग्रहानें आपल्या घरीं ठेवून घेतलें. बादशहा क्लौद्य यानें इ. स. ४९ च्या सुमारास यहूद्यांस रोमेंतून घालवून दिलें, तेव्हां अक्विल्ला व प्रिस्किल्ला हें जोडपें करिंथास आलें. राहुट्या करण्याचा धंदा एकच असल्यामुळें पौल त्यांच्याकडे राहून काम करूं लागला. किंख्रियेच्या मंडळीची सेविका फिबी हिचें रोमेंत योग्य स्वागत व्हावें म्हणून पौलानें रोमकरांस शिफारस लिहिली. तें पत्र तीच घेऊन गेली असावी, असें पुष्कळ विद्वान मानतात.

पण उघड्या दारानें साधूंबरोबर भोंदूही आंत येतो. दुसऱ्या शतकांतील उपहासकार ल्यूशियन यानें, कोणीही धूर्त मनुष्य ख्रिस्ती लोकांस सहज लुबाडूं शकतो, अशी थट्टा केली. उलट, योहानाच्या तिसऱ्या पत्रांतील दियत्रफेस स्वतः बंधूंचा स्वीकार करीत नसे. इतकेंच नव्हे, तर स्वीकार करणाऱ्यांस मंडळीबाहेर घालवी.

या दोन टोकांमधला मार्ग ‘दिदाखे’ म्हणजे ‘शिकवण’ या छोट्या ग्रीक ग्रंथांत दिसतो. त्याची प्रत १८७३ सालीं कॉन्स्टांटिनोपल येथें सांपडली व तो १८८३ सालीं छापला गेला. त्याची रचना इ. स. १०० च्या आसपासची समजली जाते. येणाऱ्या प्रेषिताचें प्रभूप्रमाणें स्वागत करावें, अशी त्यांत आज्ञा आहे. त्यानें एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस रहावें. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघतांना पुढील मुक्कामापुरती भाकर न्यावी. पैसे मागितले, तर तोही खोटा. साध्या वाटसरूस दोन-तीन दिवस आश्रय द्यावा. कायम राहणें असेल, तर त्यानें काम करून खावें.

हाच विवेक पौलानें स्वतःस लावून घेतला. यरुशलेमेंतील गरिबांसाठीं मासेदोनिया व अखया येथील मंडळ्यांनीं वर्गणी जमविली, तेव्हां कोणी दोष ठेवूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेले प्रतिनिधि त्यानें सोबत घेतले.

विद्यार्थिमित्रहो, फसवणुकीच्या भयानें त्या मंडळ्यांनीं दारें लावून घेतलीं नाहींत. त्यांनीं नियम केले आणि दारें उघडीं ठेविलीं. परका मनुष्य आपल्या दारीं येईल, तेव्हां हें ध्यानांत असूं द्यावें.