सूर्य, मान्सून आणि कोयनेचा भूकंप

सूर्यावरील घडामोडी, पृथ्वीचे हवामान आणि भूकंप यांची साखळी जोडण्याचा प्रयत्न दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्यातील काही महत्त्वाचे टप्पे रत्नागिरीशी व एकंदर कोकण किनाऱ्याशी निगडित आहेत. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मोडणाऱ्या विजयदुर्ग किल्ल्यावरून 22 जानेवारी 1898 रोजी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांच्या पथकाने खग्रास सूर्यग्रहणाचे निरीक्षण केले. किल्ल्यावरील ‘साहेबाच्या ओट्यां’चा संबंध स्थानिक परंपरेत 1868 च्या ग्रहणाशी आणि हेलियमच्या शोधाशी जोडला जातो, परंतु त्या ग्रहणाच्या वेळी या शोधाचे एक मानकरी मानले जाणारे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते आणि लॉकियर यांनी आपले काम इंग्लंडमध्ये राहूनच केले होते. विजयदुर्गाचे मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही. उलट दोनच वर्षांनी, 1900 मध्ये, लॉकियर यांनी आपले पुत्र विल्यम यांच्यासह जो निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय सूर्याच्या तापमानातील बदल आणि हिंदी महासागराभोवतालचा पाऊस हा होता. 1896-97 आणि 1899-1900 च्या भीषण दुष्काळांनी देश होरपळून निघालेला असताना, पाऊस कधी दगा देणार हे सूर्याकडे पाहून आधीच कळेल काय, हा प्रश्न केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा उरलेला नव्हता.

या आशेचा आधार होते सौरडाग. सूर्याच्या पृष्ठभागावर जेथे चुंबकीय क्षेत्र अतिशय तीव्र होते, तेथे आतून वर येणारी उष्णता अडते व तो भाग भोवतालापेक्षा थंड, म्हणून काळसर दिसतो. अशा डागांची संख्या साधारण 11 वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते; असे चक्र असल्याचे जर्मन निरीक्षक श्वाबे यांनी 1843 मध्ये दाखवून दिले होते. भारतात कोडाईकनालची सौर वेधशाळा उभी राहण्यामागेही दुष्काळ आणि सूर्य यांच्या संबंधाची चिंता होती. पुढे 1904 मध्ये भारतीय हवामान खात्याची सूत्रे हाती घेतलेले गिल्बर्ट वॉकर यांनी गणिताची कठोर कसोटी लावून 1915 मध्ये सौरडाग व पाऊस यांचा मेळ तपासला, तेव्हा तो फारच क्षीण निघाला. मात्र याच शोधाच्या वाटेवर त्यांना पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका सापडला, ज्याची दुसरी बाजू आज एल निनो या नावाने शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. चुकीच्या दिशेने विचारलेला प्रश्नही प्रामाणिकपणे तपासला तर काय हाती लागते, याचे याहून चांगले उदाहरण भारतीय विज्ञानात क्वचितच सापडेल.

सौरडागांचा परिणाम एवढा क्षीण का, याचे उत्तर साध्या आकड्यांत आहे. पृथ्वीच्या वातावरणाच्या माथ्यावर दर चौरस मीटरला सूर्याची सुमारे 1361 वॅट ऊर्जा पोहोचते आणि सौरचक्रात तिच्यात होणारा बदल जेमतेम 0.1 टक्का असतो. पृथ्वी गोल आहे आणि सुमारे 30 टक्के प्रकाश ती परत पाठवते, हे हिशेबात धरले तर हा फरक दर चौरस मीटरला पाव वॅटच्या आसपास उरतो; माणसाच्या एकूण व्यवहारांमुळे 1750 पासून पडलेली भर मात्र सुमारे 2.7 वॅट इतकी आहे. शिवाय 1980 नंतरच्या दशकांत सूर्याची ऊर्जा वाढलेली नाही आणि पृथ्वीचे तापमान मात्र वाढतच गेले, त्यामुळे आजच्या तापमानवाढीचे खापर सूर्यावर फोडता येत नाही.

सूर्याचा पृथ्वीवर दुसऱ्या वाटेने होणारा परिणाम मात्र निःसंशय आहे, आणि तो मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत प्रत्यक्ष टिपला गेला. 2 सप्टेंबर 1859 रोजी, इतिहासातील सर्वांत तीव्र गणल्या जाणाऱ्या सौरवादळात, तेथील पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे 1600 नॅनोटेस्लाने खाली आला. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने नाजूक मोजमापे बिघडतील म्हणून वेधशाळेची चुंबकीय उपकरणे 1904 मध्ये अलिबागला हलवण्यात आली. अशी सौरवादळे तारयंत्रे, वीजवाहिन्या आणि उपग्रह यांना बाधा आणतात. भूकंपाशी त्यांचा संबंध जोडण्याचा मोह इथूनच निर्माण होतो.

हा मोह तपासून पाहिला गेलेला आहे. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे लव्ह आणि त्यांचे सहकारी थॉमस यांनी 2013 मध्ये सौरडाग, सौरवारा म्हणजे सूर्यातून सतत वाहणारा विद्युतभारित कणांचा झोत, आणि चुंबकीय वादळे यांची मोठ्या भूकंपांशी सांगड घालून पाहिली, पण दखल घेण्याजोगा संबंध त्यांना आढळला नाही. 2020 मध्ये इटलीच्या एका गटाने सौरवाऱ्यातील प्रोटॉनांची घनता आणि मोठे भूकंप यांत संबंध दिसत असल्याचे मांडले, परंतु त्यामागची सुचवलेली यंत्रणा अद्याप सिद्ध झालेली नाही. तुलनेसाठी रत्नागिरीचा समुद्र पुरेसा आहे. सौरवाऱ्याचा दाब पास्कलच्या काही अब्जांश भागांएवढा असतो, तर भरती-ओहोटीत पाणी दोन मीटर वर-खाली झाले तरी समुद्रतळावरचा दाब सुमारे 20 हजार पास्कलने बदलतो, आणि हे येथे दिवसातून दोनदा घडते.

तरीही सूर्य, पाऊस आणि भूकंप यांना जोडणारी एक साखळी खरी आहे, आणि ती रत्नागिरीच्या पूर्व सीमेला लागूनच, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. 103 मीटर उंचीच्या कोयना धरणामागे शिवसागर जलाशयात 1962 पासून पाणी साठू लागले, आणि त्यानंतर परिसरात लहान धक्के जाणवू लागले. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 परिमाणाच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले व सुमारे 180 माणसे दगावली. जलाशयामुळे चालना मिळालेला हा जगातील सर्वांत मोठा भूकंप मानला जातो.

यात पाण्याचे नुसते वजन महत्त्वाचे नाही. येथे सुमारे एक किलोमीटर जाडीचा काळा कातळ म्हणजे बेसाल्ट आहे आणि त्याखाली प्राचीन ग्रॅनाइट. या खडकांतील भ्रंशांवर, म्हणजे सरकू पाहणाऱ्या जुन्या भेगांवर, ताण आधीपासूनच साठलेला असतो. दोन्ही बाजूंच्या खडकांचे घर्षण तेवढे त्यांना रोखून धरते. जलाशयाचे पाणी भेगांतून खोल झिरपले की खडकांतील छिद्रांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, तो खडकांना आतून किंचित विलग करतो, घर्षण ढिले पडते आणि भ्रंश सरकतो. भूकंप पाणी घडवत नाही. तो अगोदरच होऊ घातलेला असतो, पाणी त्याला चालना देते. मान्सूनमध्ये जलाशय झपाट्याने भरल्यानंतर सप्टेंबरच्या सुमारास, आणि पुन्हा हिवाळ्यात, पाणी खोलवर पोहोचल्यावर, धक्क्यांचे प्रमाण वाढते हे हर्ष गुप्ता आणि इतर संशोधकांनी अनेक वर्षांच्या नोंदींतून दाखवले आहे. समुद्राला तापवून मान्सून आणणारा सूर्य या अर्थाने कोयनेच्या भूकंपांच्या मुळाशी आहे, पण डागांच्या वाटेने नव्हे, पावसाच्या वाटेने.

हे आणखी जवळून पाहण्यासाठी कराड येथील संशोधन केंद्राच्या पुढाकाराने कोयना परिसरात सुमारे 3 किलोमीटर खोल छिद्र घेण्यात आले आहे. याच जलाशयाचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून चिपळूण तालुक्यात उतरते आणि वाशिष्ठी नदीला मिळते, त्यामुळे कोयनेचा प्रश्न एकट्या सातारा जिल्ह्याचा नाही. म्हणून धक्क्यात घर तग धरून राहावे यासाठी चिपळूण, खेड आणि संगमेश्वर तालुक्यांत जांभ्याच्या चिऱ्यांची नवी भिंत उभारणाऱ्याने दारे-खिडक्यांच्या वरून चहूबाजूंनी जाणारा सलग सळईचा काँक्रीट पट्टा तेवढा अवश्य घालावा.